आईचा गुडघा वाकत नाहीये, काय करावं?

वैतागवाडी: आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन झालंय. गुडघा वाकतच नाही. फिजिओ येतो, ती ओरडते, तो निघून जातो. सर्जन म्हणतात वजन कमी करा. चालता येत नाहीये तर वजन उतरणार कसं? अनुभव असेल तर लवकर सांगा.

आडगाव_एक्सप्रेस: ऑपरेशन कधी झालं? एक गुडघा की दोन्ही? वजन किती?

ताकपिठलं: सासूबाईंना निर्गुडीच्या तेलाने खूप फरक पडला. रोज रात्री चोळायचं.

फिजिओताई: ताज्या जखमेवर तेल?? वजन जास्त असलं की जखम भरायला वेळ लागतो, संसर्गाची भीतीही जास्त. नको.

ताकपिठलं: जखमेवर कोण म्हणालं? आजूबाजूला.

वैतागवाडी: उजवा. पाच आठवडे झाले. वजन ९८, उंची पाच फूट. ७५ अंश वाकतो म्हणे.

स्पष्टवक्ता: म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४२. अशांचं ऑपरेशन आधी करायलाच नको होतं.

फिजिओताई: झालंय ना आता! जाड माणसांच्याही वेदना चांगल्या कमी होतात, फक्त ऑपरेशनआधीची त्यांची अवस्था जास्त वाईट असते.

मांडी आणि पोटरी एकमेकींना टेकतात म्हणून गुडघा पूर्ण मिटत नाही, हे खरं. पण ती अडचण शेवटी शेवटी येते. ७५ ला अडकलाय तो बहुधा दुखण्यामुळे आणि आखडल्यामुळे. वेदनाशामक गोळी व्यायामाआधी तासभर द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. सर्जनना आत्ताच दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवायची वेळ आली तर ते पहिल्या तीन महिन्यांत केलेलं बरं. पाय सरळ होतो का? ते कोणीच सांगत नाही. शुगर आहे?

वैतागवाडी: सरळ होतो, थोडा उचललेला राहतो. शुगर आहेच, तिचा गुडघ्याशी काय संबंध? वजनासाठी सोमवार-गुरुवार उपास सुरू केलेत.

फिजिओताई: उपास आजच बंद. शुगरवाल्यांना तर मुळीच नको, आणि स्नायू भरायला प्रथिनं लागतात: अंडी, डाळ, पनीर. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवता का? काढा. ठेवायचीच तर टाचेखाली.

पेन्शनर_६१: इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) केवढ्याला पडला? २०१७ ला सरकारनं किमती बांधून दिल्यात, बिल तपासून बघा.

वैतागवाडी: काका, बिलाचं नंतर. उजवी पोटरीही सुजलीये, पण तिचे पाय जाडच आहेत.

फिजिओताई: एकाच पायाची? मग वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात न्या. रक्ताची गुठळी नाही ना, ते सोनोग्राफीत कळेल. मालिश अजिबात नको.

ताकपिठलं: निर्गुडी सूजेवरच असते.

आडगाव_एक्सप्रेस: ताकपिठलं, आता पुरे!! वैतागवाडी, निघालात का?