विद्यार्थी वाढले की गाईडचं संशोधन वाढतं का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

शाईचा डाग: बढतीच्या अर्जात दोन रकाने असतात: किती जणांना पीएचडी मिळवून दिली आणि किती पेपर छापले. माझ्या मते प्रयोगशाळेच्या विषयांत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. विद्यार्थ्याने चार वर्षं राबून लिहिलेल्या पेपरवर लेखकांच्या यादीत गाईडचं नाव शेवटी येतंच. यात गाईडचं स्वतःचं संशोधन किती? उलट प्रयोगाला हात लावायला त्याला वेळ उरत नाही. फर्माचं शेवटचं प्रमेय हे गणितातलं जुनं कोडं सिद्ध करण्यासाठी गणिती अँड्र्यू वाइल्स १९८६ पासून सात वर्षं जवळजवळ एकटे, गुपचूप खपले. मोठं काम असं होतं.

तळटीप: उदाहरण तुमच्यावरच उलटलं! १९९३ मध्ये जाहीर केलेल्या सिद्धतेत भोक निघालं, ते काही केल्या बुजेना. शेवटी सोबतीला कोण आलं? रिचर्ड टेलर, वाइल्सचाच जुना पीएचडीचा विद्यार्थी. १९९५ मध्ये छापलेल्या दोन पेपरांपैकी एक दोघांच्या नावावर आहे. विद्यार्थ्यावर घातलेला वेळ परत येतो, फक्त वार्षिक अहवालाच्या मुदतीत येत नाही.

शाईचा डाग: टेलर किती जणांच्या नशिबी? माझा एक अख्खा उन्हाळा एका प्रबंधाचं दुसरं प्रकरण दुरुस्त करण्यात गेला. स्वतःचं एक पान झालं नाही.

घासून-पुसून: विषय बदलला की उत्तर बदलतं, हे दोघंही विसरताय. इतिहासात प्रबंध विद्यार्थ्याचा, गाईड ऋणनिर्देशात. गणितात नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, त्यामुळे ‘शेवटचं नाव’ वगैरे भानगडच नाही. आणि ज्याचं नाव झालंय त्याच्याकडेच निधी जातो, हुशार मुलंही तिकडेच जातात. मग विद्यार्थ्यांमुळे पेपर वाढले, की पेपरांमुळे विद्यार्थी आले?

तळटीप: दोन्ही. पण पेपरच का मोजायचे? भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्डना नोबेल कधीच मिळालं नाही. त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेल्या डिबाय, पाउली, हायझेनबर्ग आणि बेथे यांना मिळालं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शाईचा डाग: वेगळ्या रकान्यात, मी तेच म्हणतोय. नाहीतर काय होतं बघा: १९६७ मध्ये पल्सारचा (ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचा) संकेत पहिल्यांदा पाहिला जोसलिन बेल या विद्यार्थिनीने. १९७४ चं नोबेल मात्र गाईड अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना.

घासून-पुसून: बेल यांनी स्वतः त्याबद्दल तक्रार केली नाही, हेही लिहा की. ज्या रेडिओ दुर्बिणीने तो संकेत टिपला तिची आखणी ह्युइशची, ती उभारायला राबलेल्यांत बेल होत्या. कुणाचं किती, हे अशा जागी काट्यावर तोलता येत नाही. बरं, त्या दुसऱ्या प्रकरणाचं पुढे काय झालं?

शाईचा डाग: पेपर म्हणून छापून आलं. माझं नाव मी काढायला लावलं होतं. आता त्यातलीच एक युक्ती वापरून लिहितोय, त्याचा संदर्भ देऊन. हसू नका.