विषय: मॅरेथॉन धावतेय, हॉस्पिससाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या मोसमात मी पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे, 42.195 किलोमीटर. धावणार आहे ती आमचे सासरे शेवटच्या दिवसांत जिथे होते, त्या हॉस्पिससाठी, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी. तुमच्यापैकी बरेच जण तिथे भेटून गेलात, त्यामुळे जागेबद्दल वेगळं सांगायला नको.

तिथली एक गोष्ट मात्र सांगते. बाबांना गिळता येईनासं झालं, तेव्हा रात्रपाळीची नर्स काडीला लावलेला छोटासा स्पंज पाण्यात बुडवून थोड्या थोड्या वेळानं त्यांचे ओठ ओले करायची. दर वेळी आधी त्यांना नावानं हाक मारायची आणि ‘आता पाणी लावते हं’ म्हणायची. बाबा शुद्धीवर नव्हते, तरी एकदाही तिनं न सांगता हात लावला नाही. या सगळ्यासाठी आमच्याकडून काहीही आकारलं गेलं नाही. संस्था मोठ्या प्रमाणात देणग्यांवर चालते.

ज्याला जेवढं जमेल तेवढं द्यावं, ही विनंती. देणगीच्या पानाचा दुवा समितीच्या परवानगीनं पाठवेन.

— तुमची धावपटू सभासद

*

चि. सूनबाई,

तुझे सासरे माझे मित्र होते, तेव्हा आशीर्वाद आहेतच. पण आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आहेत, विचारल्याशिवाय चेकवर सही होत नाही. संस्थेला पैसे द्यायचे तर आम्ही थेट देऊ, त्यासाठी तू धावायची काय गरज? आणि प्रवेशशुल्क, बूट, प्रवास हे सगळं देणगीतून वळतं होणार का? ते असेल तर सरळ सांग.

— माजी खजिनदार

*

काका,

विचारलंत ते फार बरं झालं. इतरांच्याही मनात हेच असणार.

आधी पैशाचं बोलते. मोठ्या मॅरेथॉनला प्रवेश सहसा सोडतीतून मिळतो किंवा आधीच्या शर्यतीतल्या वेळेवर. याखेरीज धर्मादाय संस्थांसाठी काही जागा राखीव असतात. लंडनसारख्या ठिकाणी संस्था या जागा आयोजकांकडून पैसे मोजून घेतात आणि ठरावीक किमान रक्कम जमवायची हमी देणाऱ्या धावपटूला देतात. म्हणजे जमलेल्या पैशातला पहिला हिस्सा त्या जागेच्या किमतीत जातो. यात गैर काही नाही, संस्थेला त्याच्या कितीतरी पट मिळतं. पण देणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. माझी जागा याच प्रकारची आहे. संस्थेनं तिच्यासाठी किती मोजले ते मी विचारून घेतलं, आणि तेवढी रक्कम मी स्वतःच्या खिशातून वेगळी भरते आहे. नावनोंदणी, बूट, प्रवासही माझाच. किमान रक्कम कमी पडली तर उरलेली मी भरेन. कुणावर त्याचं ओझं नको.

आता धावायचं कशाला, ते. टेरी फॉक्स आठवतो का? हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढलेला. 1980 च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायानं कॅनडाच्या पूर्व टोकाहून निघाला आणि रोज जवळपास एक मॅरेथॉन धावू लागला. सुरुवातीला फारसं कुणी लक्षही दिलं नाही. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले, तेव्हा कर्करोग फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि त्याला थांबावं लागलं. कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा होती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत 2 कोटी 40 लाखांवर डॉलर जमले. जूनमध्ये तो गेला, अवघा 22 वर्षांचा. कर्करोग संशोधनाला थेट पैसे देता येत होतेच की त्याआधीही! लोकांनी दिले ते त्याला रस्त्यावर पाहिल्यावर.

1988 साली मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या एका वडिलांनी 38 जणांना गोळा करून न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि 3 लाख 22 हजार डॉलर उभे केले. गट करून, सराव करून संस्थेसाठी धावण्याची आजची पद्धत मुख्यतः तिथून पसरली. लंडन मॅरेथॉन 1981 मध्ये सुरू झाली, तिच्या धावपटूंनी आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक जमवले. ऑलिव्होला आणि शाफीर या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की पैसे उभे करायला कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील तर लोक सुखाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त देतात. कष्ट घातले की कामाचं मोल वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यापुरतं सांगायचं तर सरावाचे महिने हेच खरं काम आहे. ‘एवढ्या पहाटे कुठे निघालीस?’ असं कुणीतरी विचारतं आणि हॉस्पिसचा विषय निघतो. एरवी मरणाबद्दल बोलायला कुणी तयार नसतं.

*

मंडळी, डॉक्टर म्हणून मध्ये पडते.

वहिनी, उपक्रम उत्तम आहे, माझी देणगी नक्की. पण संस्थेसाठी धावणारे दुखणं लपवतात, हे मी पाहत आले आहे. इतक्या जणांनी पैसे दिले, आता माघार कशी घ्यायची, असं त्यांना वाटतं. नडगीवर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, आणि धावताना ते वाढत जात असेल, तर त्याच दिवशी थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. हाडाला बारीक चीर असू शकते. देणगी तुझ्या पायाच्या तंदुरुस्तीसाठी नाही, संस्थेसाठी आहे.

दुसरं पाण्याचं. जास्त प्यायलं की सुरक्षित, असं समजू नकोस. फार पाण्यानं रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, विरळ होतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका अधिक होता. तहान लागेल तेवढंच पी. आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आण, तेव्हा हात शिवशिवले तरी.

*

सूनबाई,

उत्तर पोचलं, समाधान झालं, चेकवर सही केली आहे.

समितीला सुचवतो: देणग्या मंडळाच्या खात्यातून फिरवू नका. ज्याने त्याने थेट तिच्या पानावर द्याव्यात, म्हणजे पावती देणाऱ्याच्या नावानं मिळेल आणि आपल्या हिशेबात दुसऱ्याचा पैसा मिसळणार नाही.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला आणि शेवटाला गर्दी असतेच. अंगातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येतं, खरी परीक्षा त्यापुढे. आपण पस्तिसाव्यापाशी उभे राहू. कोण कोण येणार, ते याच मेलला उत्तर देऊन कळवा. मी घडीची खुर्ची घेऊन येतोय.