अनुभव धागा: तुमच्या डोळ्यांदेखत खेळ कधी बदलला?

कोपऱ्यातली_खुर्ची
परवा रात्री विम्बल्डनचा एक जुना सामना लागला होता. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघत होते. सर्व्हिस झाली आणि मागे गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला लाइन जज झटकन सरळ झाला, हात आडवा. आउट. आणि मला एकदम बाबा दिसले.

बाबा टेनिस कधी खेळले नाहीत. पण बघायला बसायचे ते थेट त्या लाइन जजसारखे, पुढे झुकून, तळवे गुडघ्यांवर. चेंडू रेषेपाशी पडला की आधी त्यांचा हात आडवा व्हायचा, मग पडद्यावरचा. दोन्ही हात जुळले की फक्त माझ्याकडे बघायचे, बोलायचे काही नाहीत. नाही जुळले तर म्हणायचे, "थांब, पुन्हा दाखवतील."

२०२५ पासून विम्बल्डनला लाइन जज नाहीत. १४७ वर्षांची प्रथा होती. ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपनने त्याआधीच यंत्र आणलं होतं. आता रेकॉर्ड केलेला आवाज 'आउट' म्हणतो. निकाल जास्त अचूक लागतो हे मला मान्य आहे. चुकीच्या कॉलने हातातोंडाशी आलेला सेट गेलेल्या खेळाडूंचे चेहरे मीही बघितलेत. पण बाबांच्या हाताशी जुळायला समोर आता हातच नाही. ते जाऊन चार वर्षं झाली, हा बदल त्यांनी पाहिला नाही.

तुमचा खेळ तुमच्यासमोर कधी बदलला? वाद खुशाल घाला, पण आधी आठवण सांगा.

रात्रपाळी
फुटबॉल. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून गोल तपासणारे पंच. २०१८ च्या वर्ल्ड कपपासून माझ्या घरात गोल झाला की दोन सेकंद शांतता असते. मुलगा आठ वर्षांचा आहे, सोफ्यावर उभा राहतो, तोंड उघडतो आणि माझ्याकडे वळून विचारतो, "बाबा, ओरडू का?"
मला त्याच्या वयात हा प्रश्न कधी पडला नव्हता. एवढंच. ड्युटीवर निघालोय, नंतर येतो.

गॅलरीतला
रात्रपाळी, मनापासून पटलं, पण २०१० आठवा. लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा तो शॉट, आडव्या खांबाला लागून खाली आला आणि चांगला आत पडला. अख्ख्या जगाला दिसलं, पंचांना नाही. गोल दिला नाही. मी इंग्लंडचा चाहताही नव्हतो तरी त्या रात्री झोप आली नाही. पुढच्याच वर्ल्ड कपला गोललाइन तंत्रज्ञान आलं आणि मी म्हटलं सुटलो. पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, क्षणात निकाल, कोणाचा आनंद अडत नाही.
व्हीएआरवर ऑफसाइड बघतात, म्हणजे पास सुटताना हल्लेखोर बचावफळीच्या पुढे होता का, तिथे मात्र तुमचं बरोबर. खांदा पुढे की बोट पुढे यासाठी तीन-तीन मिनिटं रेघा ओढत बसतात.

सर्व्हिस_ओव्हर
माझ्या नावातच माझा अनुभव आहे :)
बॅडमिंटन. २००६ च्या आधी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. समोरच्याची सर्व्हिस आणि रॅली आपण जिंकली तर गुण नाही, नुसती सर्व्हिस आपल्याकडे. पंच म्हणायचा 'सर्व्हिस ओव्हर'. मुलींचा एकेरीचा गेम ११ चा. मी एकदा १-१० अशी मागे होते. समोरचीला एक गुण हवा होता आणि तो तिला मिळेना. ती रॅली जिंकायची, सर्व्हिस तिच्याकडे जायची, पुढची रॅली मी जिंकायची, सर्व्हिस परत माझ्याकडे. पंधरा मिनिटं नुसतं तेच, फळा हलेना. शेवटी तिचा दम संपला आणि गेम मी काढला.
मग २१ गुणांची रॅली पद्धत आली. प्रत्येक रॅलीला गुण. मी तेव्हा ऐन भरात होते आणि वर्षभर मला खेळताच येईना. माझा सगळा खेळ चिवटपणाचा, समोरच्याला दमवायचं. नव्या पद्धतीत सुरुवातीलाच पाच-सहा गुण गेले की आयुष्यभर मागे धावायचं. माझ्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "आता पहिल्या फटक्यापासून जागी राहा." ते शिकायला दोन हंगाम लागले. खेळ जास्त वेगवान झाला, बघणाऱ्याला मजा जास्त, हे खरं. पण ती १-१० वरून जिंकलेली दुपार आता कोणाच्या वाट्याला येणार नाही.
बाळ उठलं. पळते.

निळी_टोपी
@सर्व्हिस_ओव्हर ताई, १-१० वरून!! वाचताना घाम फुटला.
बाकी विषय वेगळा आहे पण विचारतो, इतकी वर्षं खेळून खांदा कसा आहे? माझा उजवा हात डोक्यावर जातच नाही सध्या.

सर्व्हिस_ओव्हर
@निळी_टोपी दादा, अंगावर काढू नका, आधी दाखवून घ्या. मी सहा महिने अंगावर काढलं आणि सरळ होण्यात वर्ष गेलं.

सातवा_फलंदाज
क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला माणूस सचिन. नोव्हेंबर १९९२, डर्बन कसोटी, चेंडू अडवला जाँटी ऱ्होड्सने. मी तेव्हा फार लहान. मोठ्या भावाकडून शंभरदा ऐकलंय, आणि दर वेळी तो शेवटी म्हणतो, "आधीच्या काळात असता तर वाचला असता."

जुना_चेंडू
मी क्लबकडून मध्यमगती टाकायचो, तेव्हा माझं दुःख गोलंदाजाचं आहे, समजून घ्या.
२०११ च्या शेवटी वनडेत दोन नवे चेंडू आले. एका टोकाकडून एक, दुसऱ्याकडून दुसरा. म्हणजे पन्नासाव्या षटकातही हातातला चेंडू जेमतेम २५ षटकं वापरलेला. रिव्हर्स स्विंगला, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या बाजूला वळायला, एक बाजू खरखरीत आणि दुसरी जड, चकचकीत लागते. ती तयार व्हायच्या आत डाव संपायचा.
आमच्या संघात चेंडू राखायचं काम एकाच माणसाकडे असायचं, मिडऑफला. त्याच्या पँटवर उजव्या मांडीला लाल पट्टा पडलेला असायचा. दुसऱ्या कोणी ओल्या हाताने खरखरीत बाजूला बोट लावलं तर तो लांबून ओरडायचा. पस्तिसाव्या षटकानंतर तो चेंडू माझ्या हातात ठेवायचा, काही न बोलता, चकचकीत बाजू कुठली ते अंगठ्याने दाखवून. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस.
२०२५ मध्ये आयसीसीने थोडं मागे घेतलं. ३४ षटकांपर्यंत दोन चेंडू, मग दोघांतला एकच निवडून शेवटपर्यंत. बातमी वाचल्यावर मी पहिला फोन त्या मिडऑफवाल्याला केला.

शेवटची_ओव्हर
+१ जुना_चेंडू
आणि इम्पॅक्ट प्लेअरचं कोणी बोलणार का? २०२३ पासून आयपीएलमध्ये सामना चालू असताना बदली उतरवता येणारा बारावा माणूस आला आणि अष्टपैलूची किंमत गेली. एक जादा फलंदाज हाताशी, मग आठव्यापर्यंत सगळे मारत सुटतात. २०२४ ला हैदराबादने २८७ केल्या वीस षटकांत. मी पूर्ण सामना बघितला आणि उठताना एकही चेंडू आठवेना.

सातवा_फलंदाज
पण त्याच हंगामात पंजाबने २६२ चा पाठलाग केला ना! ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. तुम्हाला आठवेना, मला विसरता येईना.

शेवटची_ओव्हर
ते मान्य. तो सामना मीही उभ्यानेच बघितला.

हिरवळ
हॉकी. माझे वडील गवतावर खेळलेले. १९७५ चा वर्ल्ड कप आपण गवतावर जिंकलो आणि १९७६ ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम टर्फ आलं, आपण सातवे. वडील आजही ही दोन सालं एका दमात म्हणतात. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, तिथे मनगटाचं काम. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट, तिथे फुप्फुसांचं. आपल्याकडे टर्फ होती कुठे सरावाला?

गॅलरीतला
@हिरवळ पण १९८० चं मॉस्कोचं सुवर्णही टर्फवरचंच होतं.

हिरवळ
हो, आणि बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ आले नव्हते. त्यानंतर पदकासाठी टोकियोपर्यंत थांबलो, ४१ वर्षं. कांस्य मिळालं तेव्हा वडील रडले. टर्फवर राग होता, मुलांवर नाही.

पहिली_पावली
सगळे हळहळताय म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. मला बदल हवा होता, आणि तो फार उशिरा आला.
महिलांचा पहिला क्रिकेट वर्ल्ड कप १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं! शाळेत असताना मी भावांना नेटमध्ये चेंडू टाकायचे, तासन्‌तास. फलंदाजी मागितली की, "तू टाकतेस छान, टाक." सामना असला की मी स्कोअर लिहायची. वही अजून आहे, त्यात माझं नाव फक्त वरच्या कोपऱ्यात, 'स्कोअरर'.
२०२२ ला मॅच फी पुरुषांइतकी केली, २०२३ ला महिलांची लीग सुरू झाली आणि २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. त्या रात्री भावाचा फोन आला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तुला बॅटिंग द्यायला हवी होती गं."

कोपऱ्यातली_खुर्ची
@पहिली_पावली हे वाचून डोळे भरले. वही जपून ठेवा.

रात्रपाळी
ब्रेकमध्ये वाचतोय. पावलीताई __/\__

अंधारात_५९
टेनिसवाल्यांसाठी. जून २०१०, विम्बल्डन, इस्नर आणि माहूच्या सामन्याचा पाचवा, निर्णायक सेट. मी आईच्या उशाशी रात्री जागत होतो, फोनवर फक्त आकडे. ५९-५९ ला अंधार पडला म्हणून थांबवलं, तेव्हा मी आईला सांगितलं, "उद्या पुन्हा आहे." ती म्हणाली, "मग उद्या बघू." तिसऱ्या दिवशी ७०-६८. अख्खा सामना ११ तास ५ मिनिटं. मध्ये कोर्टावरचा फलक ४७-४७ ला बंदच पडला होता.
२०२२ पासून चारही ग्रँडस्लॅमना निर्णायक सेटमध्ये ६-६ ला दहा गुणांचा टायब्रेक. खेळाडूंच्या शरीरासाठी योग्यच आहे. तरी मला तो 'उद्या पुन्हा आहे' हवा होता, आणि तेव्हा तो मिळाला.

निळी_टोपी
आई बऱ्या झाल्या ना?

अंधारात_५९
हो. परवाच मला ओरडल्या, फोन ठेव म्हणून.

गॅलरीतला
@कोपऱ्यातली_खुर्ची, फ्रेंच ओपनने २०२५ मध्ये लाइन जज ठेवले होते बरं का. तिथे मातीवर चेंडूचा ठसा उमटतो, पंच खुर्चीवरून उतरून बघायला येतो.

कोपऱ्यातली_खुर्ची
हो!! ते कसं विसरले मी. पंच खाली उतरला की बाबाही उठायचे. टीव्हीपाशी जायचे, चष्मा वर करायचे आणि काचेवर त्या ठशाशेजारी बोट ठेवायचे. नंतर आई तो बोटाचा डाग पुसायची.