मदत हवी आहे: आरईएचएस साठी बीएस्सी मायक्रो चालते का?

तालीमकर: बीएस्सी मायक्रो झालंय, लॅबचा तीन वर्षांचा अनुभव आहे. अमेरिकेत आरईएचएस (पर्यावरण आरोग्य तज्ज्ञ म्हणून नोंदणी) करायचंय. 'सायन्सचे ३० क्रेडिट' मागतात, माझ्या मार्कलिस्टवर क्रेडिटच नाहीत. तसाच अर्ज भरू का? याच आठवड्यात फी भरायची आहे, लवकर सांगा.

रंकाळाकाठ: फी भरू नका, थांबा. राज्य कुठलं? पदवी तीन वर्षांची की चार? लॅब पाण्याची, दुधाची की रक्त-लघवीची?

उचगावकर: अमेरिका कशाला राव? स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा करा, एक वर्षाचा. शिवाय अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत मायक्रोबायोलॉजीची पदवी नावानिशी आहे.

रंकाळाकाठ: त्यांनी ते विचारलंय का भाऊ?

तालीमकर: शिवाजी विद्यापीठ, तीन वर्षं. टेक्सास. लॅब दूध संघाची.

कस्तुरी: आधी हे बघा, 'नेहा' ही अमेरिकेतली पर्यावरण आरोग्याची संघटना देते ते आरईएचएस देशपातळीवरचं. टेक्सासची 'सॅनिटेरियन' (स्वच्छता तज्ज्ञ) नोंदणी राज्याची, वेगळी. कॅलिफोर्नियाचीही स्वतःची आहे. नोकरी जिथं करायची, तिथले नियम आधी वाचा.
क्रेडिटसाठी ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचं विषयवार गुणपत्रक) परदेशी पदव्या तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेकडे जाते. अहवाल विषयवारच मागा. नुसता 'पदवी समकक्ष' अहवाल स्वस्तात होतो, पण त्यात क्रेडिट नसतात, मग परत खर्च. तीन वर्षांची पदवी काही संस्था पूर्ण बॅचलर धरतात, काही नाही. हे पैसे भरायच्या आधी विचारायचं.
आणि मायक्रोवाले अडकतात ते गणितात. नेहाला पदवीच्या पातळीचा गणिताचा एक विषय लागतो, बारावीचं गणित धरत नाहीत.

पंचगंगा_घाट: दूध संघाचा अनुभव धरणार नाहीत. पर्यावरण आरोग्याच्या कामाची दोन वर्षं लागतात.

कस्तुरी: सरसकट असं म्हणू नका. दिवसभर दुधाचं फॅट-एसएनएफच (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) काढलं असेल तर अवघड आहे. पण टाकी धुतल्यावरचे स्वॅब (पुसून घेतलेले नमुने), कोलिफॉर्म जंतूंची तपासणी, पाण्याचे नमुने, सांडपाण्याचा बीओडी (घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) केला असेल, तर अनुभवाच्या पत्रात कामं तशीच सुटी सुटी लिहून घ्या. 'केमिस्ट' एवढ्या हुद्द्यावरून त्यांना काय कळणार? अनुभव कमी पडला तर 'इन-ट्रेनिंग' म्हणून आधी परीक्षा देता येते.

रंकाळाकाठ: परीक्षेत आपल्याकडचे आकडे लिहिलेत की चुकलात. आपल्या नियमांत गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं, त्यांच्या फूड कोडमध्ये १३५ फॅरेनहाइट, म्हणजे ५७. चिकन १६५ फॅरेनहाइटला शिजवायचं. थंड करताना १३५ वरून ७० वर दोन तासांत, ४१ वर एकूण सहा तासांत. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवलं तर यात कुठंच बसत नाही. क्लोरीनचं गणितही पौंड-गॅलनमध्ये येतं, किती पौंड लागेल ते काढायला: मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले दशलक्ष गॅलन गुणिले ८.३४. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड, म्हणून तो आकडा.

उचगावकर: क्लोरीनवरून आठवलं, विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) कोरडी भुकटी टाकू नका. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरलं की ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं सोडा. चुना विहिरीत गेला की पाणी जड होतं. तासाभरानं ओटी (पाण्यातला उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) लावून बघा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम आलं पाहिजे.

पंचगंगा_घाट: ओटी कशाला, डीपीडी (क्लोरीनचीच दुसरी चाचणी) वापरा. आणि पावडर जुनी असेल तर ७० ग्रॅमनं काय होतंय? उघड्या पोत्यातला क्लोरीन कधीच उडालेला असतो.

उचगावकर: ग्रामपंचायतीत कुठलं डीपीडी आणताय?

तालीमकर: अहो, विहीर राहू दे! पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र होतं, ते गणितात धरतात का?

कस्तुरी: त्या पेपरचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्का मारून घ्या, अर्जाआधी नेहाला मेलवर पाठवून लेखी उत्तर मागा. तोवर फी नको.