जातिवंत मांजरांची वीण घेण्याआधी जनुकीय तपासणी सक्तीची असावी का?

शेवंतीची_आई

असावी. का ते सांगते.

शेवंती माझी पर्शियन भाटी. सहा वर्षांची असताना ती सारखी पाणी पिऊ लागली, अंगावरचं मांस उतरलं. सोनोग्राफीत दिसलं की दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या गाठींनी भरली आहेत. पीकेडी, म्हणजे मूत्रपिंडांत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. तोवर मी तिच्या दोन विणी घेतल्या होत्या, सात पिल्लं हौसेने वाढवून चांगल्या घरी दिली होती.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तरी पुरतो. म्हणजे सातांपैकी प्रत्येकाला निम्मी शक्यता. गाठी जन्मापासूनच असतात, पण बारीक. मांजर खातं, खेळतं, माजावर येतं, वितं. मूत्रपिंडं हात टेकतात तेव्हा बहुतेक वेळा सहा-सात वर्षं उलटलेली असतात आणि तोवर त्याची नातवंडंही झालेली असतात. या आजारामागचा जनुकातला बदल २००४ सालीच सापडला. त्याआधीच्या सोनोग्राफी पाहण्यांमध्ये पर्शियनांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त मांजरांत हा आजार दिसला होता. आणि मी मात्र वंशावळीच्या कागदावर बक्षिसं मोजत बसले.

सातही घरी फोन केले. एका घरातल्या मुलीने विचारलं, "मग आमचा बोका मरणार का?" गालाच्या आतून एक स्वॅब (कापसाची काडी) फिरवून जनुकीय तपासणी केली असती तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. माझं म्हणणं एवढंच: नोंदणी करणाऱ्या संस्थांनी आईवडिलांच्या रिपोर्टशिवाय पिल्लांची नोंद करू नये.

जुनी_कॅटरी

शेवंतीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही फोन केलेत, बरेच जण करत नाहीत.

पण तुमच्या एका आजारावरून सगळ्यांसाठी नियम करू नका. मी अनेक वर्षं अ‍ॅबिसिनियन वाढवते आहे. आमच्याकडे पीके डेफिशियन्सी आहे, म्हणजे तांबड्या पेशी लवकर फुटून होणारा रक्तक्षय. आणि हळूहळू दृष्टी घालवणारा पीआरए आहे. दोन्हींना सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असलेलं मांजर वाहक असतं, आजारी नसतं. वाहक भाटीला स्वच्छ, म्हणजे सदोष प्रत नसलेला, बोका दाखवला तर एकही पिल्लू त्या आजाराने आजारी पडत नाही. सरासरी निम्मी वाहक, निम्मी स्वच्छ, इतकंच.

सक्ती आली की काय होतं ते मी पाहिलं आहे. रिपोर्टवर "वाहक" हा शब्द दिसला की माणसं घाबरतात आणि उत्तम स्वभावाची, सहज विणारी, धडधाकट भाटी वंशातून बाद होते. मग उरलेले सगळे त्याच दोन-तीन "स्वच्छ" बोक्यांकडे धावतात. बर्मीज आणि सिंगापुरा या जातींत जनुकीय वैविध्य आधीच फार कमी आहे. तिथे असं केलंत तर एक माहीत असलेला दोष काढताना माहीत नसलेले चार दुप्पट कराल. टेस्ट फक्त सापडलेल्या दोषाची असते, न सापडलेल्याची नसते.

बर्मीजचंच बघा. गोल डोकं, आखूड चेहरा प्रदर्शनात आवडू लागला आणि अमेरिकेत त्याच घराण्याची वीण वाढत गेली. त्या चेहऱ्यामागचा बदल एका प्रतीत असला तर बक्षीस, दोन प्रतींत असला तर डोक्याची घडणच चुकलेली पिल्लं, जी जगत नाहीत. हा दोष निवडीनेच पसरवला. तेव्हा निवड करणाऱ्यांच्या हाती आणखी एक चाळणी देताना मला धास्ती वाटते.

मेनकून_घरी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या मेन कूनच्या आईवडिलांचे रिपोर्ट होते, त्याचा स्वतःचाही होता. एचसीएमसाठी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी, "निगेटिव्ह". चौथ्या वर्षी एका पहाटे तो किंचाळला, मागचे दोन्ही पाय गार आणि लुळे. हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती पायांकडच्या रक्तवाहिनीत अडकली होती. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एचसीएमच निघाला.

नंतर कळलं ते असं. मेन कूनसाठी २००५ साली सापडलेला बदल एका जनुकातला एकच आहे. रॅगडॉलमध्ये २००७ साली सापडलेला त्याच जनुकात, पण दुसऱ्या जागी. टेस्ट तेवढीच जागा वाचते. तो बदल नसूनही हृदय जाड होऊ शकतं, आणि एक प्रत असूनही मांजर म्हातारं होईपर्यंत ठणठणीत राहू शकतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सर्टिफिकेट हातात होतं म्हणून आम्ही इको कधी केलाच नाही.

सक्ती करायचीच तर विणीतल्या प्रत्येक मेन कूनच्या वार्षिक इकोची करा. कागदाने माणूस निर्धास्त होतो, तो धोका मोठा आहे.

उंबरठ्यावरची

टेस्टचा वाद घालताय, पण स्कॉटिश फोल्डला टेस्टची गरज तरी आहे का? मुडपलेला कान हाच रिपोर्ट. कानाची कूर्चा ज्या बदलाने मऊ पडते त्यानेच सांधेही बिघडतात, आणि एक प्रत पुरते. तरी लोक वीण घेतात, कारण चेहरा गोड दिसतो. माझ्या मते अशा जातींची वीणच थांबवावी.

पांढरा_कोट

पशुवैद्य आहे, दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. स्वॅब घेताना पिल्लू नुकतंच आईला प्यायलेलं नसावं. तोंडात आईच्या पेशी राहतात आणि निकाल गोंधळतो.

दुसरी गोष्ट रक्तगटाची. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्समध्ये बी गट बऱ्यापैकी आढळतो. बी गटाच्या आईला ए गटाच्या बोक्यापासून ए गटाची पिल्लं झाली तर ती धट्टीकट्टी जन्मतात, आणि पहिलं दूध पिऊन एक-दोन दिवसांत जाऊ शकतात. दुधातून आलेली प्रतिद्रव्यं त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. ब्रीडर म्हणतो, "पिल्लं अशक्त होती." नव्हती. आधी दोघांचा गट पाहिला असता तर जोडी बदलता आली असती, किंवा पहिला दिवसभर पिल्लांना आईपासून दूर ठेवून हाताने दूध पाजता आलं असतं. या तपासणीने एकही मांजर वंशातून बाद होत नाही.

शेवंतीची_आई

@जुनी_कॅटरी, वाहकांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. मी "रिपोर्ट" म्हटलं तेव्हा मनात "नापास म्हणजे बाद" असंच होतं, ते चुकीचं होतं. दोन प्रती लागणाऱ्या आजारांत फक्त जोडी बघून लावावी. पण पीकेडीत ही सवलत नाही. तिथे पॉझिटिव्ह मांजराची वीण नको, मग ते कितीही देखणं असो.

@मेनकून_घरी, तुमच्या बोक्याचं वाचून हात थरथरले. इको हवाच. पण टेस्ट अपुरी आहे म्हणून ती वगळा, हे मला मान्य नाही. रिपोर्टसोबत तो काय सांगत नाही हेही लिहून द्यायला हवं.

जुनी_कॅटरी

पीकेडीबद्दल आपलं एकमत आहे. सक्तीला मात्र माझा विरोध राहील. नोंदणी अडवलीत तर तपासणी टाळणारे तपासणी करणार नाहीत, नोंदणीशिवाय पिल्लं विकतील. मग त्यांच्या मांजरांचे आईवडील कोण हेही कळणार नाही.

शेवंतीची_आई

तसं ते आजही विकतात. पण माझी शेवंती नोंदणीची होती, कागदावर तिच्या चार पिढ्या होत्या. त्या कागदावर मूत्रपिंडांचा एक रकाना असता, तर मी तिची वीण घेतली नसती.