प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ आहे तरी काय?

तबकडी: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराला ‘प्रोग्रेसिव्ह’, म्हणजे पुढे सरकणारं, हे नाव चिकटलं, तेव्हापासून हा घोळ आहे. हा शब्द रॉकवाल्यांनी कमावलाय. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ घ्या. गाणं सात मात्रांत चालतं आणि गिटारचा सोलो लागला की चारांत येतं. तोवर सात मोजून दमलेल्याला एकदम सपाट रस्ता लागतो! हाउसमध्ये मात्र आठ मिनिटं नुसतं धप् धप् धप् धप्. पुढे काय सरकलं?

फेडर: तुम्ही नको ते मोजलंत. किक, म्हणजे ते धप् धप्, ही जमीन आहे, ती हलायची नसतेच. वर बघा ना. फिल्टर, म्हणजे आवाजाची चाळणी, इतका सावकाश उघडतो की आवाज कधी उजळला ते कळत नाही. हाय-हॅटची झांज तर निघून गेल्यावरच कळते. साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचं १९९६ चं मिक्स ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ लावा आणि एक ट्रॅक कुठे संपून दुसरा कुठे लागला ते सांगा.

तबकडी: सांधे जुळवणं हे कसब झालं, रचना नव्हे. येस या रॉक बँडचं ‘क्लोज टू द एज’ (१९७२) एलपी रेकॉर्डची अख्खी बाजू खातं. पाणी आणि पाखरांच्या आवाजातून निघतं, मध्ये चर्चचा ऑर्गन घुमतो, आणि शेवटी पुन्हा त्याच पाण्यापाशी येतं. याला म्हणतात बांधणी.

मधलाफाटा: दोघंही जर्मनी विसरलात. टँजरीन ड्रीम या बँडच्या ‘फेड्रा’त (१९७४) मूग सिंथेसायझर तापत गेला तसा सूर सरकला, आणि त्यांनी तो तसाच ठेवला. पुढे आश रा टेम्पल या बँडचा गिटारवाला मॅन्युएल गॉटशिंग. त्यानं १९८१ च्या डिसेंबरात एका बैठकीत तासभर ‘ई२-ई४’ वाजवलं. दोन कॉर्ड, बस्स. गिटार येते ती उत्तरार्धात. १९८९ मध्ये इटलीत ‘सुएन्यो लातिनो’ हे हाउसचं गाणं ‘ई२-ई४’च्याच तुकड्यावर उभं राहिलं. आता रॉक आणि हाउसमध्ये भिंत कुठे घालायची बोला.

तबकडी: ‘ई२-ई४’ला मी बिनदिक्कत प्रोग्रेसिव्ह म्हणेन.

फेडर: अहो, पण ते किती मात्रांत आहे?

तबकडी: ...चार. पण गिटार आहे!