एमआरआयच्या आधी डोळ्यांचंही सांगा
एमआरआयला जाताना अंगठी, मंगळसूत्र, बेल्ट अशा धातूच्या वस्तू काढल्या की झालं, असं सांगतात. ते बरोबरच, पण डोळ्यांचा विषय कोणीच काढत नाही. माझा भाऊ वास्कोला बार्जच्या (मालवाहू बोटींच्या) यार्डात लोखंड घासायचं, म्हणजे ग्राइंडिंगचं काम करायचा, पाठीच्या एमआरआयला मडगावला नेला तर फॉर्मवर विचारलेलं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला का, आणि हा पठ्ठ्या सरळ 'नाही'वर टिक करत होता! मीच म्हटलं, अरे १५ वर्षांमागे गेलेला ना, मग त्यांनी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला, नशिबाने काही नव्हतं. बारीक कण आत राहिलेला असला तर एमआरआय मशीनमधल्या जोरदार चुंबकाने हलून नजर जाऊ शकते म्हणे. आणि हो, स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, म्हणून सोबतच्यांनीही चाव्या, मोबाईल बाहेरच ठेवायचे.